सोऱ्या, दट्ट्या आणि दीडशे रुपये

परवा सकाळी चहा घेता घेता सूनबाईने मोबाईल माझ्यापुढे धरला. "आई, ह्यातला कुठला घेऊ सांगा ना. हा दाबायचा आहे, हा फिरवायचा. दोघांत दीडशे रुपयांचा फरक आहे."

मी चष्मा लावून बघितलं आणि हसूच आलं. बोटभर जाडीची धातूची नळी, तिच्या तोंडाशी बसणारी भोकाभोकांची चकती, आतून ढकलणारा दट्ट्या. सोबत वीसेक वेगवेगळ्या नक्षीच्या चकत्या. म्हणजे सोऱ्याच की हो! आपला चकलीचा, शेवेचा, कुरडयांचा सोऱ्या. नुसता भातुकलीतला वाटावा इतका लहान. पण नाव मात्र भारदस्त : एक्स्ट्रूडर.

सूनबाई आधी इथल्याच आयटी पार्कात नोकरीला होती. दुसऱ्या बाळंतपणानंतर तिने नोकरी सोडली आणि आता घरून केकच्या ऑर्डरी घेते. हिंजवडीत आमच्या एका इमारतीतच अशा तिघीजणी आहेत, त्यामुळे कोणाच्या केकवर काय नवीन आलं याची चर्चा लिफ्टमध्ये होते. या वेळची ऑर्डर होती पाच वर्षांच्या एका मुलाच्या वाढदिवसाची. त्याला केकवर सिंह हवा होता, आणि सिंहाला आयाळ हवी होती. आयाळ करायची फॉन्डन्टची. फॉन्डन्ट म्हणजे साखरेचा मळलेला गोळा, साधारण मोदकाच्या उकडीसारखा लवचीक, पण बराच घट्ट. त्याच्या बारीक बारीक तारा काढायच्या तर हातवळणीचं काम नाही, सोऱ्याच हवा.

"स्वस्तातला घेते," ती म्हणाली. "दीडशे रुपये कशाला जास्त घालवायचे?"

मी पटकन म्हणाले, "थांब." आणि का थांब म्हणाले ते तिला नीट सांगता आलं नाही. इतिहासाची मास्तरीण होते मी, त्यामुळे कुठलीही गोष्ट सांगायची तर मागून सुरुवात करायची खोड आहे. तिला ऐकायला वेळ नव्हता. तुम्हाला आहे असं धरून चालते :-)

तर मागूनच सुरुवात करू. पिठाला भोकातून ढकलून तार काढायची ही युक्ती आपल्याकडे हजार वर्षं तरी जुनी आहे. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळात, इ. स. १०२५ च्या सुमारास, चावुंडराय नावाच्या लेखकाने 'लोकोपकार' नावाचा कन्नड ग्रंथ लिहिला. शेती, पाणी, औषधं, स्वयंपाक असं संसाराला लागणारं सगळं त्यात आहे. आपल्या खाद्यपदार्थांचा इतिहास लिहिणारे के. टी. अचया यांनी नोंदवलं आहे की त्या ग्रंथात शेवया करण्याची कृती आणि त्या दाबून काढण्याचा साचाही सांगितला आहे. या चालुक्यांचं राज्य आजच्या महाराष्ट्राच्या मोठ्या भागावर होतं हे शाळेत शिकवताना मी शेकडो वेळा सांगितलं असेल. पण त्या राज्यात कोणीतरी बाई घाम पुसत साचा दाबत होती, हे एकदाही सांगितलं नाही. सनावळ्यांत ती बसत नव्हती ना.

त्या साच्याचा वंशज बघायचा असेल तर कोकणात जावं. तिकडे शिरवाळे करतात. तांदळाच्या पिठाचे गोळे उकडायचे, गरम असतानाच लाकडी साच्यात घालायचे आणि वरून दाबायचं. खाली पडणाऱ्या शेवया नारळाच्या गूळ घातलेल्या रसाबरोबर खायच्या. खाणाऱ्याला स्वर्ग, पण करणारीचे हाल बघावेत. गोळा गार झाला की दबत नाही आणि गरम असेपर्यंत हाताला चटके. माझ्या एका कोकणातल्या मैत्रिणीकडे असा जुना साचा होता. तो एकट्या माणसाच्या आवाक्यातला नव्हताच. एकीने गोळा भरायचा, दुसरीने सगळा भार टाकून दांडा दाबायचा, आणि खाली ताट फिरवायला घरातलं एखादं पोर. म्हणजे सोऱ्या जड होता, पण तो दाबायला घर होतं.

मग देशावर घरोघरी दिसणारा पितळी सोऱ्या बघा. दोन कान, मधे नळी, वरून दट्ट्या. हा एका बाईने वापरायचा. साचा लहान झाला, सुटसुटीत झाला, फडताळात मावायला लागला, रुखवतात मांडायला लागला. पुण्यात तो घ्यायचा म्हणजे तुळशीबागेत जायचं. १७६१ मध्ये नारो आप्पाजी खिरे यांनी जिथे राममंदिराचं काम सुरू केलं, त्याच्या आसपास पुढे बायकांच्या खरेदीची केवढी मोठी बाजारपेठ वसली! पण साचा लहान होताना एक गोष्ट कोणाच्या लक्षात आली नाही. आधी तीन माणसांत वाटला जाणारा जोर आता दोन मनगटांवर आला होता.

इथे मला माझ्या आईबद्दल सांगायला हवं.

१२ जुलै १९६१. पुणेकरांना ही तारीख सांगावी लागत नाही. पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासला, आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. मी दहा वर्षांची होते. आम्ही शनिवार पेठेत राहायचो. पाणी ओसरल्यावर घरी आलो तेव्हा घर म्हणजे चिखलाने भरलेलं एक खोकं होतं. वडील एका छापखान्यात जुळारी होते. छापखान्यातही चिखलच. कितीतरी महिने त्यांना काम नव्हतं. आई दोन्ही हातांनी गाळ उपसत होती आणि त्यातून तिला जे थोडं सापडलं त्यात तिच्या रुखवतातला पितळी सोऱ्या होता. चकत्या तीनच राहिल्या होत्या : चकलीची, जाड शेवेची आणि बारीक शेवेची.

त्या दिवाळीला आईने पहिल्यांदा चकल्यांच्या ऑर्डरी घेतल्या. भांडवल म्हणजे उसनी आणलेली भाजणी, उसनं तेल आणि तो सोऱ्या. दोनच वर्षं आधी, १५ मार्च १९५९ ला, मुंबईत गिरगावातल्या सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली होती. त्यातून लिज्जत उभं राहिलं. आईला अर्थातच त्यातलं काही माहीत नव्हतं. पण आता मागे वळून बघते तेव्हा दोन्हीकडे एक गोष्ट सारखी दिसते. बाईने घरात जे अवजार होतं त्यावर धंदा सुरू केला. पोळपाट-लाटणं असेल तर पापड, सोऱ्या असेल तर चकली. अवजार निवडायची चैन कोणालाच नव्हती.

आई रात्री आमची निजानीज झाली की बसायची. चकलीची भाजणी शेवेच्या पिठासारखी सैल नसते. सैल केली तर चकली तेल पिते आणि मऊ पडते. घट्ट भिजवली तर काटा छान येतो, पण दाबताना जीव जातो. आईच्या चकलीला काटा असायचा. त्या काट्यासाठीच लोक तिच्याकडे यायचे. आणि तो काटा तिच्या उजव्या अंगठ्याच्या मुळातून येत होता, हे आम्हा कोणाला तेव्हा समजलं नाही. पुढे आम्ही पूरग्रस्तांसाठी वसवलेल्या गोखलेनगरात राहायला गेलो. वडिलांना पुन्हा काम मिळालं. आईच्या चकल्या मात्र थांबल्या नाहीत, कारण आता त्यावर माझी फी होती. मी बी. ए. झाले ते त्या चकल्यांवर.

१९७४ मध्ये मला शाळेत नोकरी लागली. तोपर्यंत आईला नळ घट्ट बंद करता येत नव्हता. डब्याचं झाकण ती डाव्या हाताने आणि छातीशी धरून उघडायची. पहिल्या पगारात मी घरासाठी भिंतीवरचं घड्याळ घेतलं. दुसऱ्या पगारात वडिलांना चप्पल. दिवाळीच्या तोंडावर कधीतरी माझ्या लक्षात आलं आणि मी तुळशीबागेत जाऊन फिरवायचा सोऱ्या आणला. वर दांडी, आत मळसूत्र. दांडी फिरवली की दट्ट्या आपोआप खाली येतो. दाबायच्या सोऱ्यापेक्षा तीन-चार रुपये जास्त पडले. मला वाटलं, आईच्या डोळ्यांत पाणी येईल.

आईने तो हातात घेतला, चार चकल्या पाडून बघितल्या आणि म्हणाली, "छान आहे. पण हे फिरवत बसले तर शंभर कधी व्हायच्या?" आणि तिने जुना सोऱ्या पुढे ओढला.

मला राग आला होता. आई हट्टी आहे, जुन्याला चिकटून बसते, असंच मी बरीच वर्षं मानलं. मैत्रिणींना सांगितलंही. आज कळतं की तिचं गणित बरोबर होतं. मळसूत्र जोर वाचवतं, पण वेळ खातं. दांडी अनेक वेळा फिरवायची, मग उलटी फिरवून दट्ट्या वर आणायचा, मग पुन्हा पीठ भरायचं. दाबायच्या सोऱ्याचा दट्ट्या एका झटक्यात वर येतो. जिला सकाळपर्यंत शंभर चकल्या द्यायच्या आहेत तिला तो झटका परवडतो, मनगट परवडत नसलं तरी. वेळ की हात, यातला एकच मिळणार होता. तिने वेळ घेतला, कारण पैसे वेळेचे मिळत होते, हाताचे नाही. तेरा वर्षं उशिराने मी सोऱ्या आणला आणि वर तिलाच हट्टी म्हटलं.

असो. आता पुन्हा इतिहासाकडे.

मळसूत्राची ही युक्ती काही आपल्याच स्वयंपाकघरात सुचलेली नाही. अमेरिकेचे पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले थॉमस जेफरसन १७८७ च्या सुमारास फ्रान्समध्ये वकील म्हणून होते. त्यांना इटालियन मॅकरोनीचा नाद लागला आणि त्यांनी ती करण्याच्या यंत्राचं स्वतः चित्र काढून टिपण लिहिलं. एक पेटी, खाली भोकांची चकती, वर मळसूत्र. म्हणजे पुन्हा सोऱ्याच! त्यानंतर दहा वर्षांनी, १७९७ मध्ये, इंग्लंडमध्ये जोसेफ ब्रामा यांनी शिशासारख्या मऊ धातूच्या नळ्या दाबून काढण्याचं पेटंट घेतलं. त्यातला दट्ट्या हातानेच ढकलायचा होता. आज खिडक्यांच्या ॲल्युमिनियमच्या चौकटी ज्या पद्धतीने होतात तिचा उगम इथे सांगतात. पेटंट ब्रामांच्या नावावर आहे. 'लोकोपकारा'तला साचा कोणाच्या नावावर नाही. चालायचंच.

केकवरच्या नक्षीचाही असाच प्रवास आहे. १८४० मध्ये इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीच्या लग्नात ३०० पौंडांचा, म्हणजे सुमारे १३६ किलोंचा केक होता. साखर आणि अंड्याचा पांढरा बलक फेटून केलेलं पांढरंशुभ्र कडक आयसिंग तिकडे प्रतिष्ठेचं झालं, त्याला नावही रॉयल आयसिंग. पुढे ही कला श्रीमंतांच्या मुदपाकखान्यातून घराघरात आली. १९२९ मध्ये शिकागोत विल्टन नावाच्या गृहस्थांनी केक सजवायचे वर्ग काढले, आणि त्या नावाचं केकचं सामान आज आपल्याकडच्या दुकानांतही मिळतं. आमच्या लहानपणी केक ही पेठेतली गोष्ट नव्हती, ती कॅम्पातली गोष्ट होती. कयानी बेकरी १९५५ ची, पण मी तिथली श्रूजबेरी बिस्किटं खाल्ली ती नोकरीला लागल्यावर. आणि आता? २०२२ मध्ये पुण्याच्या प्राची धबल देब यांनी मिलानच्या कॅथेड्रलची प्रतिकृती रॉयल आयसिंगमधून उभी केली. वजन १०० किलो, आणि आयसिंग अंड्याशिवायचं. त्याची नोंद लंडनच्या वर्ल्ड बुक ऑफ रेकॉर्ड्सने घेतली. मी त्याचे फोटो बघितले तेव्हा पहिला विचार आला तो त्यांच्या मनगटांचा. काय करणार, आईची मुलगी आहे.

तर मग सूनबाईने कुठला घ्यायचा? मी आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या निवृत्त सरांना फोन लावला. त्यांनी मला फोनवरच तास घेतला. जोर किती लागणार हे तीन गोष्टींवर. पहिली, पीठ किती घट्ट. दुसरी, चकतीचं भोक किती बारीक. तिसरी, नळी किती रुंद. आणि या तिसरीकडे कोणी बघतच नाही. नळीचा व्यास निम्मा केला तर दट्ट्याचं क्षेत्रफळ चौथा हिस्सा होतं, आणि तेवढाच दाब आणायला जोरही साधारण चौथा हिस्सा पुरतो. "मग सगळे सोऱ्ये बारीकच का करत नाहीत?" मी विचारलं. "कारण बाई, मग तेवढंच पीठ चार वेळा भरावं लागतं!" सर म्हणाले. मला आईचाच आवाज ऐकू आला.

म्हणजे हिशेब सोपा आहे. माल खूप आणि पीठ सैल, तर दाबायचा चालेल. माल थोडा आणि पीठ घट्ट, तर फिरवायचाच घ्यावा. सूनबाईला सिंहाची एक आयाळ करायची होती, शंभर चकल्या नाही. तिला वेळ होता. आणि फॉन्डन्ट भलतं घट्ट. शिवाय पातळ क्रीमच्या फुलांसाठी तिच्याकडे पिशवी आणि नोझल आहेतच, त्याला या नळीचा उपयोग नाही. वीस चकत्या आहेत की चाळीस, याला काही अर्थ नाही. आईने तीन चकत्यांवर मला बी. ए. केलं. बघायचं ते एवढंच : दांडी हाताला रुतते का, मळसूत्राचे आटे झिजतील इतके हलके आहेत का, आणि नळी पूर्ण उघडून आतून धुता येते का. साखर आत वाळली की दगड होतो.

सूनबाईला मी हे सगळं सांगितलं. आईचंही सांगितलं. ती लग्न होऊन आली त्याच्या कितीतरी आधी, १९९८ मध्ये, आई गेली, त्यामुळे तिला आजेसासू फक्त फोटोत माहीत. फोटोत आईने उजवा हात पदराखाली घेतलेला आहे. सूनबाई थोडा वेळ गप्प होती. मग तिने फिरवायचा मागवला.

दोन दिवसांनी तो आला. पहिल्या प्रयत्नात तार निघेचना. दांडी फिरेना, फॉन्डन्ट जागचं हलेना. "आई, हासुद्धा बेकारच निघाला," ती वैतागली. मी गोळा हातात घेऊन बघितला. गार होता. आईचं एक वाक्य होतं : पीठ जागं नसेल तर सोऱ्याला शिव्या घालू नयेत. चकलीच्या भाजणीला आपण मोहन घालतो आणि पाडायच्या आधी पुन्हा मळून घेतो. तसंच केलं. बोटाला चिमूटभर वनस्पती तूप लावलं, गोळा तळहातात ऊब येईपर्यंत मळला, नळीलाही आतून तुपाचा हात फिरवला. दांडी फिरली. चकतीच्या भोकांतून सोनेरी तारांचा झुबका अलगद बाहेर आला. आमची धाकटी ओरडली, "आजी, शेव!"

केक गेला. सिंह छान दिसत होता, थोडासा आमच्या शाळेच्या जुन्या शिपायासारखा, पण छान.

रात्री सूनबाईने माळ्यावरून डबा काढायला लावला. त्यात दोन्ही सोऱ्ये आहेत. आईचा पितळी, ज्याचा एक कान झिजून गुळगुळीत झाला आहे, आणि मी आणलेला फिरवायचा, जो पन्नास वर्षांनंतरही जवळजवळ नवा आहे. सूनबाईने तो नवा नवा उचलला नाही. तिने आईचा उचलला, कान दोन्ही अंगठ्यांखाली धरले आणि रिकामाच दाबून बघितला. जिथे तो झिजला आहे तिथे तिचा अंगठा बरोबर बसला. मग तिने तो खाली ठेवला आणि स्वतःचं मनगट चोळलं.

"येत्या दिवाळीला चकल्या तुमच्या फिरवायच्या सोऱ्याने करू," ती म्हणाली. "शंभर कशाला हव्यात? पंचवीस पुरे."

तुमच्या घरी कुठला सोऱ्या आहे? आणि तो कोणाच्या हातचा? जरूर कळवा. कानाकडे मात्र आधी नीट बघा.